सातव्या भोकातला बोल्ट

रहिमतपूर
२ जून २०२५

दाजी, आकारामचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही हे पत्र न फोडताच फेकून द्याल अशी भीती आहे, म्हणून सोबत कापडात एक बोल्ट गुंडाळून पाठवतोय. लोखंड हातात आलं की ते उलटसुलट करून बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, एवढं मला अजून आठवतं. फोन करणार होतो. पण तुम्हाला आता ऐकायला कमी येतं असं समजलं, आणि घरचा फोन ताईच उचलणार. एकोणीस वर्षांनी तिच्या कानावर माझा आवाज पडला तर पुढं काय बोलायचं ते मला सुचणार नाही. म्हणून गॅरेजच्या पत्त्यावर लिहितोय.

फियाट उघडलीय. हो, तीच, वडिलांची अडुसष्ट सालची. इतकी वर्षं गोठ्याशेजारच्या छपरात ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या महिन्यात पुण्याचा एक माणूस बघायला आला. इंजिन बंद असलं तरी चालेल म्हणाला, त्याला लग्नात नवरानवरीचे फोटो काढायला जुनी गाडी हवी होती. मी देणारच होतो. ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं, आणि काय झालं कोण जाणे, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तेव्हापासून माझं बूड एका जागी ठरत नाही. उसाला पाणी सोडायला जातो आणि अर्ध्यातून उठून छपरात येतो. सून अंकिता म्हणते, "आबा, तुमी रिटायर झालाय का परत भरती झालाय?"

इंजिनच्या हेडचे दहा बोल्ट काढायला मला तेरा दिवस लागले. भोकांत रोज डिझेल सोडायचं, दुसऱ्या दिवशी पाना लावून बघायचं, हलला तर पाव फेरा, नाहीतर परत डिझेल. तरी दोन तुटलेच. बाकीचे गंजलेत आणि ताणलेत, ते परत वापरायचे नाहीत. साताऱ्यात एमआयडीसी पालथी घातली. आटे जुळतात तिथं ताकद कमी, ताकद आहे तिथं आटे वेगळे. तुमच्याकडं किंवा तुमच्या ओळखीत असा सेट निघेल का? दहाही एका मापाचे हवेत. पंचमीच्या आत गाडी चालू व्हायला पाहिजे. का, ते आत्ता विचारू नका.

आकाराम


सांगली
९ जून

आकाराम पाव्हण्यांस,

पत्र फोडलं. बोल्ट नसता तर फोडलं नसतं, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. ऐकू कमी येतं हेही खरं. चाळीस वर्षं इंजिनांची बडबड ऐकून कान भरले, आता माणसांची ऐकू येत नाही, आणि त्यात फार काही बुडालं असं मला वाटत नाही.

मिरजेत एक जुना सामानवाला आहे. त्याच्या माळ्यावर असले बोल्ट असतील. मी स्वतः जाऊन बघतो. पण एक सांगतो, रागावू नका. त्या गाडीच्या मागं लागण्यात काय अर्थ आहे? तुमचं वय साठ. पुण्याचा माणूस नेत होता तर न्यायची होती. आणि इंजिन करायचंच असेल तर जुने बोल्ट सांभाळत बसू नका, सगळे भंगारात टाका. गंजलेलं लोखंड घरात ठेवलं की कुणीतरी चुकून तेच परत बसवतं.

हरणाला या पत्राबद्दल सांगितलेलं नाही. तिचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. खरं सांगायचं तर ती तुमचं नाव घेत नाही.

दादासो


रहिमतपूर
१५ जून

दाजी,

उत्तर आलं यातच मी खूश आहे. तुम्ही मला पूर्वी अरेतुरे करायचा, आता पाव्हणे म्हणता. ठीक आहे, माझी तेवढीच लायकी उरलीय.

बोल्ट टाकणार नाही. आमच्या पलटणीच्या वर्कशॉपमध्ये शिस्त होती. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढायचा, दहा भोकं पाडायची, आणि जो बोल्ट जिथनं निघाला तो तिथंच खोचायचा. तुटला असेल तर दोन्ही तुकडे सोबत. त्याशिवाय उस्ताद जेवायला सोडत नसे. अंकिताच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा मी त्यासाठी घेतला आणि दोन दिवस तिचे टोमणे खाल्ले. सगळे बोल्ट नंबरानं लावलेत.

आता पंचमीचं सांगतो. लपवून किती दिवस लपवणार. मला ताईला आणायला यायचंय. त्याच गाडीनं, त्याच रस्त्यानं.

एकोणीस वर्षांपूर्वी मी दोन महिने सुट्टीवर होतो. गाडीचं हेड मीच बसवलं होतं. दहा दिवसांनी आईचं दुखणं वाढलं आणि ती ताईचा धोसरा घेऊन बसली. पंचमी चार दिवसांवर होती, म्हणून मी मुराळी म्हणूनच निघालो, म्हणजे ताईला आजाराचा धक्का बसायला नको, भाऊ नेहमीसारखा माहेरी न्यायला आलाय असंच वाटावं. ताईला घेऊन परत येताना विट्याच्या पुढं इंजिन तापलं, पाणी उडालं आणि गाडी जाग्यावर बसली. तिथनं दुधाचा टेम्पो मिळेपर्यंत चार तास गेले. आई दुपारी दोनपर्यंत दाराकडं बघत होती म्हणे. आम्ही साडेसहाला पोचलो. ताई मला एक शब्द बोलली नाही. नुसती आईचे पाय धरून बसली. तेराव्याला मांडवात चारचौघांसमोर तुम्ही म्हणालात, "मिलिटरीनं तुला एवढंच शिकिवलं व्हय रं? धा बोल्ट धड आवळता येईनात?" मी मान खाली घातली. तुमचं काय चुकलं होतं? हात माझाच होता.

त्यानंतर ताई आली नाही आणि मी आणायला गेलो नाही. आपल्यामुळं जिची आईची शेवटची भेट हुकली, तिच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहायचं? तिचा एक निरोप आला असता तर पळत आलो असतो. तो आला नाही, म्हणजे राग गेला नाही, असं मी समजत आलो. आता वाटतं की इंजिन नीट बसवून, ते धड चालतंय हे बघून तिच्यासमोर जावं. तुम्ही तिला हळूच विचारून बघा. भाऊ आला तर येशील का, एवढंच.

आकाराम


सांगली
२४ जून

आकाराम,

बोल्ट मिळाले. आजच एसटीच्या पार्सलनं टाकतोय. दहाही मी हातात घेऊन कॅलिपर लावून मोजलेत. लांबीत केसाचा फरक नाही.

बसवताना भोकं कोरडी करा. तळाला डिझेल, पाणी, कचरा काही राहू देऊ नका. प्रत्येक बोल्टला वॉशर एकच. मधनं सुरुवात करून बाहेर जायचं, तीन फेऱ्यांत आवळायचं. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. आवळण्याआधी प्रत्येक बोल्ट नुसत्या हातानं तळापर्यंत फिरवून बघा. वर किती उरतो ते बघा. आळस करू नका.

हरणाला विचारलं. नको म्हणाली. तिला आता प्रवास झेपत नाही आणि जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत. आपण पुरुषांनी तिच्यावर जोर करू नये.

आणि ते उरलेले जुने नऊ बोल्ट पुठ्ठ्यासकट मला पाठवून द्या. मिरजेच्या माणसाला नमुना ठेवायचाय.

दादासो


रहिमतपूर
१ जुलै

दाजी,

पार्सल मिळालं. नवे बोल्ट एक नंबर आहेत. पण नमुना तर मी पहिल्याच पत्रासोबत पाठवला होता. त्या माणसाला आणखी नऊ कशाला हवेत, हे काही मला कळेना. पत्र दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. मग छपरात गेलो, पुठ्ठा घेतला, टीव्हीच्या कपाटाची काच काढून सपाट ठेवली आणि तिच्यावर जुने बोल्ट डोकं खाली करून ओळीनं उभे केले. तुटलेले जोडून ठेवले. तुमच्याकडं गेलेल्या तिसऱ्याच्या जागी नवा ठेवला.

नऊ एका उंचीचे. सातवा तीन मिलिमीटर वर.

त्याचं टोक बघितलं. चेपलंय. म्हणजे भोकाच्या तळाला जाऊन टेकलं होतं. हेडवर सातव्या भोकाभोवती वॉशरचा वळसुद्धा उठलेला नाही, बाकी नऊ ठिकाणी खोल उठलाय. टॉर्कच्या पान्यानं टक्‌ आवाज दिला आणि मी समजलो बोल्ट आवळला. तो आवळला होता भोकाच्या तळाशी. हेडला त्यानं धरलंच नव्हतं. पाणी तिथनंच फुटलं.

दोन दिवस मी स्वतःलाच विचारत होतो, की माझ्या डब्यातला दुसराच बोल्ट तर मी उचलला नाही? पण माझ्याकडं तेव्हा डबा नव्हता. अख्खा सेट तुम्ही दिला होता, वर्तमानपत्रात बांधून, आणि तो मी तसाच सोडून बसवला. लांबी मोजली नाही, ती माझी चूक. ती मी मानतो.

माझे दोन प्रश्न आहेत. तुम्हाला हे ठाऊक होतं का? आणि "नको" हा शब्द ताईच्या तोंडचा आहे का तुमच्या?

आकाराम


रहिमतपूर
१० जुलै

दाजी,

नऊ दिवस झाले. पोस्टमन गल्लीत वळला की मी दारात जातो, तो पुढं निघून गेला की परत छपरात. हेड बाकड्यावर आहे, नवे बोल्ट धुतलेल्या कापडावर मांडलेत, हात लागत नाही. काल तिन्हीसांजेला रहिमतपूरच्या स्टँडवर जाऊन सांगलीच्या गाडीत बसलो आणि गाडी सुटायच्या आत उतरलो. कंडक्टरनं वेड्यात काढलं.

हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण लिहा.

आकाराम


सांगली
१६ जुलै

आका,

ठाऊक होतं.

त्या दिवशी तू सेट न्यायला आलास तेव्हा माझ्याकडं नऊच होते. दहावा मागवायचा म्हणजे आठवडा गेला असता, आणि तुला गाडी लगेच चालू करायची होती. एका पंपाच्या इंजिनाचा बोल्ट डब्यात होता. आटे तेच, ताकद तीच, फक्त थोडा लांब. मला दिसला तो लांब आहे ते. याला दोन वॉशर घाल, एवढं तुला सांगायचं होतं. तेवढ्यात बाहेर एक गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन आलं, मी उठलो, तू पुडकं घेऊन गेलास. संध्याकाळी आठवलं. म्हटलं आका मिलिटरीतला आहे, त्याच्या नजरेतून सुटायचं नाही.

गाडी विट्याहून ओढून आणायला मीच गेलो होतो. सातव्याच्या बगलेला पाण्याचा ओघळ दिसला आणि तो लांब बोल्ट कुठं बसलाय ते मला कळलं. तेराव्याला सगळे विचारायला लागले, गाडीला झालं काय, सामान कुठलं होतं. कुणीतरी माझ्याकडं बघितलं असं वाटलं, आणि कुणी बोलायच्या आत मी तुझ्यावर ओरडलो. मला वाटलं तू उलटून बोलशील. तू मान खाली घातलीस. मग मला मागं येता येईना. गॅरेजचं नाव होतं, माणसं लांबनं इंजिनं घेऊन यायची. दादासोनं चुकीचा बोल्ट दिला आणि त्यात सासू लेकीची वाट बघत गेली, हे कसं सांगायचं होतं?

दुसरा प्रश्न. हरणाला मी विचारलेलंच नाही. तुम्ही बहीणभाऊ एकत्र बसला असता तर कधी ना कधी ती पुडी सुटली असती, या भीतीनं मी इतकी वर्षं तुम्हाला एकत्र बसू दिलं नाही. तिला म्हणायचो, त्याला मिलिटरीची घमेंड आहे, तो यायचा नाही. तुला म्हणालो ती नाव घेत नाही. बोल्ट परत मागितले तेही त्याचसाठी.

माझं सत्तर झालंय आका. तूच तिला सांग. माझ्यानं तिच्यासमोर तोंड उघडणार नाही.

दादासो


रहिमतपूर
२१ जुलै

दाजी,

पत्र वाचून मी पुठ्ठा फाडला. मग गोळा करून परत चिकटवला. माझा राग इतपतच चालतो बघा, घमेंड तर लांबच राहिली.

त्या तेराव्यानंतर मी युनिटला जाऊन काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. साहेबांना अर्ज दिला, मला वर्कशॉप नको, स्टोअरला घाला. अख्ख्या बटालियनमध्ये माझ्या हाताची इंजिनं नावाजली जायची. शेवटची चार वर्षं मी कांबळी आणि बादल्या सांभाळल्या. पाना हातात घेतला की मला आईचं दार दिसायचं. चुकून लांब बोल्ट देणं मी समजू शकतो, उद्या माझ्याकडूनही होईल. तुम्ही दोन वॉशर सांगायला विसरलात, यासाठी मी तुमच्याशी भांडणार नाही. पण एकोणीस वर्षं तुम्ही माझी मान खाली बघितलीत आणि जेवण गेलं तुम्हाला. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

गाडी चालू झाली. परवा हेड बसवलं, तीन फेऱ्यांत, मधनं बाहेर. प्रत्येक बोल्ट आधी हातानं तळापर्यंत फिरवून बघितला. काल सेल्फ मारला, तिसऱ्या वेळी इंजिननं धरलं. पाऊण तास चालू ठेवलं, पाण्याचा एक थेंब नाही. अंकितानं पेढे आणले. मला आनंद झाला नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो.

ताईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडानं. ते होईपर्यंत मी तुमच्या दारात मुराळी म्हणून उभा राहणार नाही. पंचमी आठवड्यावर आलीय. नाही जमलं तर गाडी पुन्हा ताडपत्रीखाली घालतो.

आकाराम


सांगली
२६ जुलै, शनवार

आका,

मी चौथीपतूर शिकलेली, मला बोलल्यागत लिहिता येतं, तसंच वाच.

काल दुपारी ह्यांनी सगळी पत्रं माझ्यापुढं आणून टाकली आणि आपण बाहेर पायरीवर जाऊन बसले. तुझी सगळी होती, आणि ह्यांची कच्ची लिहून खोडलेली. चष्मा लावून वाचता वाचता चहाची वेळ गेली, दिवाबत्तीची गेली. तोवर हे हलले न्हाईत. मग आत येऊन म्हणाले, "मला काय बोलायचं ती बोल." मी कायबी बोलले न्हाई. आज सकाळीबी न्हाई. ह्यांच्या वाटणीचं बोलणं मी नंतर बघीन, ती लय मोठं हाय आणि त्येला मला वेळ लागंल.

आधी तुझं. तू म्हणतोस ताई रागावली म्हणून मी गेलो न्हाई. मी कवा रागावले हुते रं? त्या दिवशी टेम्पोत तू माझ्या शेजारी बसून दातओठ खात हुतास, ती मी बघत हुते. माझी आई गेली तशी तुझीबी गेली हुती. मी तुझ्याशी बोलले न्हाई कारण तोंड उघडलं असतं तर हंबरडा फुटला असता, आणि पाय धरलेली आई हातातनं सुटली असती. एवढंच हुतं ती.

म्होरल्या पंचमीला मी पिशवी भरून ठेवली. भाऊ मुराळी आल्याबिगर लेकीनं माहेरी जाऊ नये, आईनंच शिकिवलं हुतं. शेजारणींचे भाऊ आले, घेऊन गेले. मी पिशवी रिकामी केली. त्येच्या म्होरल्या वर्षी परत भरली. नंतर नंतर भरायची सोडली, पण त्या आठवड्यात दाराकडं बघायची सोडली न्हाई. आणि तू म्हणतोस निरोप आला न्हाई. बहिणीनं मला न्यायला ये म्हणून निरोप धाडायचा असतो व्हय? तू माझ्या निरोपाची वाट बघितलीस, मी तुझ्या येण्याची. मधी हे बसले दोन्हीकडचं झाकून.

तुझ्या शेवटच्या पत्रात परत तीच वाचलं. दाजी सांगंपतूर मी येणार न्हाई, न्हाईतर गाडी ताडपत्रीखाली. वाचून मला तुझा राग आला, एकोणीस वर्षांत पैल्यांदा. तुमी दोघं आता आणि कशाची वाट बघणार? मी त्रेसष्टची झाले. माझ्या गुडघ्याला तुमची वाट बघणं परवडत न्हाई.

म्हणून मी मुराळ्याची वाट बघणार न्हाई. उद्या सकाळच्या एसटीनं एकटी निघतीय. हे म्हणाले मी येतो संगं. मी म्हणलं, तुमी हितंच थांबा, बोलावीन तवा या. तुला कळवलं न्हाई, कळवलं असतं तर तू गाडी घेऊन आडवा आला असतास आणि मग परत तुझ्या गाडीचीच गोष्ट झाली असती. मला माझ्या पायानं यायचंय.

हे पत्र मी टपालात टाकणार न्हाई. दारात येऊन तुझ्या हातात देणार. तोंडानं मला एवढं सांगता यायचं न्हाई, म्हणून रात जायच्या आत लिहून काढलं. तू वाचंपतूर मी उंबऱ्याच्या भाईर उभी राहणार हाय.

आता वाचून झालं असंल तर दारातनं बाजूला हो. मला आत येऊ दे.

हरणा